गाडी उभी, मालक परगावी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सभासदांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेतले आहे. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



समितीने मला सांगितलं, "अण्णा, तुम्ही आयुष्यभर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम केलं, तुम्ही गाडीवर बोला." मी म्हटलं, धावणाऱ्या गाडीवर सगळेच बोलतात, मी उभ्या गाडीवर बोलतो. कारण आपल्या सोसायटीत आता तोच प्रश्न मोठा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा समोरचा रस्ता सहा नंबरचा हायवे होता. आता त्याला त्रेपन्न नंबर म्हणतात. तेव्हा आपल्या आवारात काय होतं? स्कूटर, लूना आणि मुलांच्या सायकली. पार्किंगचं भांडण नव्हतं, कारण पार्क करायलाच काही नव्हतं. आज घरटी एक गाडी आहे, आणि मुलं मात्र पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला, अमेरिकेला. आई-बाप सहा-सहा महिने त्यांच्याकडे जातात. नातवंडाचं बाळंतपण असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. निघायच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे येतात आणि विचारतात, "अण्णा, गाडीचं काय करू?"

या प्रश्नाला मी उलट दोन प्रश्न विचारतो. परत कधी येणार, हा पहिला. तुमच्यामागे इथे कोण आहे, हा दुसरा. गाडी कोणती, किती जुनी, किती चालली, हे सगळं त्यानंतर.

परत कधी येणार याचं उत्तर लोक तिकीट पाहून देतात. तिकिटावर विसंबू नका. २०२० साल आठवा. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली खरी, पण वेळापत्रकाची नेहमीची उड्डाणं पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. तीन महिन्यांसाठी गेलेली माणसं कुठल्या कुठे अडकली. म्हणून माझा हिशेब असा : तीन महिने म्हणाल तर सहा धरा, सहा म्हणाल तर वर्ष धरा, आणि त्याप्रमाणे सोय करून जा.

आता वाटा किती आहेत? चार. गाडी उभी ठेवायची, कुणाला वापरायला द्यायची, सोबत न्यायची किंवा विकायची. पाचवी वाट म्हणजे काहीच न ठरवता कव्हर टाकून निघून जायचं. बहुतेक लोक हीच धरतात आणि सगळ्यात महाग तीच पडते.

उभी ठेवायची असेल तर

टाळेबंदीत आगारात बसगाड्या रांगेने उभ्या होत्या, तेव्हा मी नोकरीत होतो. तेव्हा पुन्हा एकदा पटलं की यंत्र वापरून झिजतं तसं उभं राहूनही झिजतं. फक्त उभं राहून झिजताना आवाज येत नाही.

सगळ्यात आधी बॅटरी जाते. आजच्या गाडीत घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर हे सगळं चावी काढल्यावरही थोडं थोडं खात असतं. महिन्या-दीड महिन्यात बॅटरी उतरते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा धड उभी राहत नाही. सहा महिने कुणीच हात लावणार नसेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. एवढं लक्षात ठेवलं की ठिणगीची भीती नाही.

दुसरे टायर. एकाच जागी महिनोन्महिने भार पडला की टायरचा तेवढा भाग चपटा होतो. जाताना हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. कुणी असेल तर महिन्यातून दोनदा गाडी फूटभर पुढे-मागे ढकलायला सांगा.

तिसरा हँडब्रेक. तो ओढून सहा महिने ठेवला तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. सपाट जागा पाहा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

चौथं इंधन. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल धरतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर आत हवा जास्त, हवेत ओल जास्त. टाकी भरून ठेवा.

पाचवं आपलं ऊन. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे तुम्हाला मी काय सांगू! प्लास्टिकचं कव्हर टाकलं तर आत भट्टी होते आणि पावसाळ्यात त्याच कव्हराखाली बुरशी येते. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर घ्या, आणि गाडी धुऊन, पूर्ण वाळवून मगच टाका. वायपरची पाती काचेवरून उचलून ठेवा, नाहीतर रबर काचेला चिकटतं.

सहावे उंदीर. आपण शेतांना लागून राहतो. बॉनेटच्या आतली ऊबदार जागा उंदरांना फार आवडते, आणि त्यांनी एक वायरिंग कुरतडलं की हजारांत खर्च येतो. गाडीत खाऊचा कण ठेवू नका. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवणारे लोक आहेत. पण खरा उपाय म्हणजे कुणीतरी दर आठवड्याला बॉनेट उघडून पाहणं.

आणि एक गैरसमज. "शेजारी दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करतो," असं लोक अभिमानाने सांगतात. त्याने फायदा कमी, नुकसान जास्त. चालू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये झालेलं पाणी तसंच राहतं. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा. जळगावला जाऊन भाजी घेऊन या. नाहीतर हातच लावू नका.

कागदांची रजा नसते

गाडी हलो न हलो, तारीख हलते. विमा, पीयूसी, आरसी आणि तुमचं स्वतःचं लायसन्स, या चार तारखा कागदावर लिहून काढा आणि त्यातली कोणती तुमच्या मागे संपते ते पाहा.

विमा संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा न करता हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, तो एका विसरभोळेपणात शून्यावर येतो. आणि विमा नसताना उभ्या गाडीला आग लागली, झाड पडलं, गाडी चोरीला गेली, तर कुणाकडे मागणार? विमा परदेशात बसून ऑनलाइन भरता येतो, फक्त मोबाइल नंबर चालू हवा. तोच नंबर आरटीओच्या नोंदीतही असू द्या, म्हणजे ई-चलन आलं तर कळेल.

लायसन्सचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. पंचावन्न वर्षं ओलांडल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. संपण्याच्या आधी एक वर्षापासून ते करता येतं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सत्तराव्या वर्षी आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी!

कुणाला द्यायची असेल तर

"भाच्याला देऊन जातो, गाडी चालती राहील." चांगला विचार आहे. पण भाच्याचं लायसन्स डोळ्यांनी पाहा. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा कडक झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. तुम्ही टोरांटोत असलात तरी मालक तुम्हीच.

आणि "तेवढीच भाड्याने देतो, हप्ता निघेल" हा विचार मनातसुद्धा आणू नका. पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवता येत नाही, आणि तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

द्यायची तर विश्वासाच्या माणसाला द्या आणि एका कागदावर लिहून द्या : कुणाला दिली, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कामासाठी, दोन चाव्यांपैकी एक कुणाकडे, पेट्रोल कुणी भरायचं, दुरुस्ती किती रुपयांपर्यंत न विचारता करायची. नात्यात कागद कशाला, असं वाटतं. मी म्हणतो, नातं टिकवायचं म्हणूनच कागद. दुसरी चावी कुठे आहे तेही लिहा, कारण गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

सोबत न्यायची असेल तर

पुण्याला मुलाकडे जाणार असाल तर खुशाल न्या, राज्य एकच आहे. फक्त पत्ता कायमचा बदलला तर आरसीवर तो बदलून घ्या. बंगळुरूला किंवा हैदराबादला नेणार असाल तर बारा महिने ही सीमा लक्षात ठेवा. त्याहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जळगाव आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स आणि इथे भरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज, एवढी यात्रा होते. मुलाची नोकरी केंद्र-राज्य सरकारात, सैन्यात किंवा चारपेक्षा कमी नाहीत इतक्या राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत असेल, तर तो स्वतःची नवी गाडी घेताना २०२१ साली सुरू झालेली बीएच मालिका घेऊ शकतो. मग हा त्रास वाचतो.

विकायची असेल तर

वर्षाहून जास्त काळ जाणार आणि मागे चालवणारं कुणी नाही, तर विका. हे माझं स्पष्ट मत. विमा कंपन्यांचा हिशेब पाहा : गाडी दोन वर्षांची होईपर्यंत किमतीतले २० टक्के वजा, तीन वर्षांची होईपर्यंत ३०, पाचपर्यंत ५० टक्के. हे वर्षांवर मोजतात, किलोमीटरवर नाही. कव्हराखाली राहिल्याने किंमत राखली जात नाही.

विकताना नो क्लेम बोनस सोबत ठेवा. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेताना ती सवलत लागू होते. हे फार कमी लोकांना माहीत आहे. फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कटतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या म्हणजे गाडी विकली गेली असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे. त्यात मालकाने २००७ साली गाडी विकली होती. पुढे ती आणखी हातांत फिरली, पण आरसीवरचं नाव बदललं गेलं नाही. २००९ साली अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विचार करा, दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी! म्हणून विमानात बसायच्या आदल्या दिवशी गाडी विकू नका. महिनाभर आधी विका, नाव बदलल्याचं ऑनलाइन पाहा, मग बॅगा भरा.

आपल्या आवारातली गोष्ट

हा विषय एका घराचा नाही, म्हणून तर तो इथे बोलतोय. आपलं पार्किंग सोसायटीचं आहे, ते सभासदाला वापरायला दिलेलं असतं. स्टिल्टची जागा सामाईक असते, ती बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. तरी लोकांच्या मनात भीती असते : "गाडी विकली तर माझी जागा जाईल." निव्वळ जागा अडवायला पंक्चर गाडी उभी ठेवणारे लोक प्रत्येक सोसायटीत आहेत. आपल्याकडे नाहीत, असं मी व्यासपीठावरून म्हणतो!

माझी सूचना आहे की सर्वसाधारण सभेने एक साधा ठराव करावा. दोन महिन्यांहून जास्त काळ जाणाऱ्या सभासदाने सचिवांकडे एक कागद द्यावा : गाडी कुठे उभी आहे, चावी कुणाकडे आहे, विमा कधी संपतो. त्या काळात त्याची जागा दुसऱ्याने तात्पुरती वापरली तर परत आल्यावर ती त्यालाच मिळेल, असं सभेने लेखी म्हणावं. भीती गेली की अडवणूकही जाईल. शिवाय आग लागली, टँकर आत घ्यायचा झाला, तर चावी शोधत फिरावं लागणार नाही.

चावीचं महत्त्व आपण पाहिलंय. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री दीड वाजता आपल्या इथल्या एका ताईंच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या घरची गाडी मुलगा नाशिकला घेऊन गेलेला. १०८ ला फोन केला, पण गाडी यायला वेळ लागणार होता. समोरचं कुटुंब परदेशी होतं. त्यांची चावी शेजारच्या भाऊंकडे होती, कागदासकट. भाऊ दर दहा दिवसांनी ती गाडी जळगावपर्यंत फिरवून आणायचे, म्हणून ती पहिल्या सेल्फला चालू झाली. ताई वेळेवर दवाखान्यात पोहोचल्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी नाव घेऊ नये म्हणून डोळे वटारून पाहताहेत. सांगायचं एवढंच, नीट सोपवलेली गाडी मालक दहा हजार किलोमीटरवर असतानाही उपयोगी पडते.

जे परत येणार नाहीत त्यांची गाडी

आता थोडं अवघड बोलतो. आवारात काही गाड्या अशा असतात की त्यांचा मालक परगावी गेलेला नसतो, तो जगातून गेलेला असतो. काकूंना गाडी चालवता येत नाही, विकवतही नाही. दर दिवाळीला त्या कव्हर काढून गाडी पुसतात, हार घालतात. "यांची गाडी आहे," म्हणतात. याला आपण कुणी काही बोलू नये.

पण शेजारी म्हणून एक काम आपण करू शकतो. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. नाव बदललं नाही तर विम्याच्या दाव्यात अडचण, विकण्यात अडचण, भंगारात द्यायलाही अडचण. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही. तेराव्यानंतर समितीतल्या कुणीतरी जाऊन शांतपणे सांगावं, सोबत आरटीओत जावं. नाव काकूंचं झालं म्हणजे गाडी विकलीच पाहिजे असं नाही. ठेवायची तर ठेवतील, विकायची तर विकतील. ठरवायचा हक्क त्यांच्या हातात येतो, हे मोठं. आणि आपण जे हयात आहोत त्यांनी आजच एक करावं : २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव नोंदवता येतं, ते नोंदवा.

मुला-मुलींनाही एक विनंती. आई-बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावता आणि फोनवर सहज म्हणता, "बाबा, गाडी विकून टाका, आता काय करायचीय?" तुम्ही हिशेबाने बोलता. बापाला मात्र ऐकू येतं, "तुमचं तिकडचं संपलं." ती गाडी म्हणजे त्यांची तब्येत धड आहे याची खूण असते, बाजारात स्वतःच्या मर्जीने जाता येतं याची खूण असते, परत येणार याची खूण असते. विकण्याचा सल्ला द्या, जरूर द्या, पण हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. आणि ज्येष्ठ मंडळींनो, तुम्हीही स्वतःशी खरं बोला. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने रात्री दिसेनासं होत असेल, हायवेवर ट्रकच्या शेजारून जाताना हात घट्ट होत असतील, तर परदेशी जाण्याचं निमित्त साधून चावी खाली ठेवा. त्यात कमीपणा नाही. लायसन्स राहू द्या, रिक्षावाल्याचा नंबर घ्या. तसंही जळगाव आणि भुसावळच्या मध्ये राहणाऱ्या माणसाचं गाडीवाचून अडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, "काय भो, गाडीचं काय केलं?" तर उत्तर तयार असू द्या. उभी आहे, चावी अमक्याकडे आहे. किंवा दिली आहे, कागद केला आहे. किंवा विकली, नाव बदलून झालं. यातलं कोणतंही उत्तर चांगलं. "आहे तिथेच" हे उत्तर तेवढं नको.

बोलणं लांबलं, भरीत-पुरीचा वास इथपर्यंत यायला लागला आहे. सोसायटीच्या पन्नाशीला आपण सगळे असू, आणि ज्यांच्या गाड्या चालू असतील ते बाकीच्यांना घेऊन येतील, अशी आशा करतो.